तिसरी पाळी फुटबॉल संघ, सोलापूर

स्मरणिकेसाठी दोन पानं इतिहास द्या, म्हणाले.
माझ्याकडे बाबांच्या हातची एक वही आहे,
लाल कापडाची. तिच्यात इतिहास नाही,
नुसता खर्च आहे.

चेंडू एक. ब्लॅडर दोन. लिंबं अर्धा डझन.
जाळ्यासाठी सूत, गिरणीतून, पैसे नाहीत.

हे ‘पैसे नाहीत’ वाचलं
आणि बाबा मला पहिल्यांदाच चोर वाटले,
पहिल्यांदाच जवळचेही.

रात्री अकराच्या भोंग्याला आत,
सकाळी सातच्या भोंग्याला बाहेर,
घरी न जाता थेट मैदानात.
नाव कुणी ठेवलं नाही. हवालदारानं हटकलं,
कोण बे तुम्ही? कुणीतरी खरं ते सांगितलं.
केसांत कापूस तसाच असायचा, त्यामुळे
अकराच्या अकरा जण म्हातारे दिसायचे,
असं इरण्णा म्हेत्रे सांगायचे,
तेव्हा त्यांचे केस खरोखरच पांढरे होते
आणि त्यांना ते मान्य नव्हतं.

गोलात राजमल्लू येमूल.
त्याला मागून पोरं ओरडायची, पट्टु रा, पट्टु!
पुढून इरण्णा कानडीत, होडी!
दाऊद नदाफ कुणाचंच न ऐकता
उजव्या कडेनं धावत सुटायचा.
चेंडूला तिन्ही भाषा कळायच्या,
ऐकायचा मात्र तो वाऱ्याचंच,
होळीनंतरच्या, खडे घेऊन येणाऱ्या.

गणवेश टॉवेलच्या मागावर विणलेला.
घाम सगळा त्यातच मुरायचा,
उत्तरार्धात प्रत्येकजण
एक ओला टॉवेल अंगावर वागवत पळायचा.
पुण्याची टीम हसली म्हणे. नोंद आहे:
पुणे, शून्य-चार. ट्रकभाडं.
कडक भाकरी, शेंगाचटणी, माणसं चौदा.

बायकांचा उल्लेख एकाच ओळीत:
विड्यांची वर्गणी, हजारामागे एक पैसा.
ठेकेदार छाट काढून परत करायचा त्या विड्या
मध्यंतरात मैदानावर ओढल्या जायच्या.
आईनं एकही सामना पाहिला नाही.
स्कोअर तिला धुराच्या वासावरून कळायचा,
असं ती म्हणायची. मी विश्वास ठेवायचे.

आता ती फायनल.
सामना एकचा. पाहुणे आले दोनला, मग हार, मग भाषण.
राजमल्लूनं त्या आठवड्यात पाळी बदलून घेतलेली,
तीनला आत जायचं होतं.
शून्य-शून्य. शेवटची काही मिनिटं.
तीनचा भोंगा झाला
आणि त्याची मान चिमणीकडे वळली.
एवढंच. मान वळली.
चेंडू तर जोरातही नव्हता.

कुणी एक शब्द बोललं नाही.
बाबांनी लिहिलं: ढाल नाही. चहा, चौदा.
मग चौदावर काट मारून, तेरा.

पुढची पानं घाईची.
संघ एका टेरी टॉवेलवाल्याच्या नावावर गेला,
मग एका नगरसेवकाच्या, मग
नोंदणीची फी भरायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.
गिरणी बंद झाली, भोंगा थांबला.
त्यानंतर वीस वर्षं राजमल्लू
अशोक चौकात पानटपरीपाशी बसायचा,
तीनला त्याची मान बरोबर वळायची.
पोरं घड्याळ लावायची त्यावर.
मीही लावलंय एकदा. दोन मिनिटं पुढे होता.

आता होटगी रस्त्याला प्लास्टिकच्या गवताचं मैदान आहे, तासावर.
इरण्णांचा नातू तिथं जातो,
रात्री अकरानंतर दर निम्मा असतो म्हणून.
हे स्मरणिकेत घालू का, विचारलं.
सेक्रेटरी म्हणाले, मॅडम, गौरवाचं काही बघा.

बघते आहे.
वहीच्या शेवटी बेरीज: शिल्लक साडेसात रुपये.
कुणाकडे, ते लिहिलेलं नाही.
त्या दिवाळीला मला नवी चप्पल मिळाली होती.
किंमत आठवत नाही.
पट्टा हिरवा होता.